पोटखराब

सातबाऱ्यावर एक शब्द असतो, पोटखराब. ज्यांच्या घरी शेती नाही त्यांच्यासाठी सांगते. एखाद्या गटात पाच एकर जमीन असेल आणि त्यातल्या एका एकरात नांगर चालत नसेल, तर ते एकर वेगळं दाखवतात. खडकाळ, लागवडीला न येणारी जमीन म्हणजे पोटखराब अ. ओढा, रस्ता अशा सार्वजनिक कामात गेलेली जमीन म्हणजे पोटखराब ब. सातबारा मुळात सारावसुलीसाठीचा कागद आहे. जिथं पीक नाही तिथं आकारणी नाही, म्हणून ती जमीन हिशेबातून वजा करायची, इतकाच या शब्दाचा अर्थ.

पण हिशेबातला शब्द हिशेबात राहत नाही. दोन-तीन पिढ्या तो बोलला की डोळ्यांनाही तसंच दिसायला लागतं. ज्या जमिनीवर सारा नाही तिथं काहीच नाही, असं आपण मनानंच धरून चालतो. देशपातळीवरही तेच आहे. केंद्र सरकार पडीक जमिनींचा नकाशासंग्रह काढतं, त्यात खडकाळ माळ आणि झुडपांची रानं येतात. पडीक म्हणजे पडून असलेली. कुणासाठी पडून, हे त्यात लिहिलेलं नसतं.

आमची जमीन कळंब तालुक्यात आहे. खाली काळी, वर माळ. कळंब शहर मांजरेच्या काठावर आहे खरं, पण आमच्या माळाला नदीचा काही उपयोग नाही. तिथं मुरूम, बसाल्टचे दगड, कुसळी गवत आणि चार बोरी. गेल्या काही वर्षांत आमच्या भागात पवनचक्क्या उभ्या राहू लागल्यात, तशी आमच्याकडेही विचारणा झाली. कंपनीला माळावरची जागा भाडेपट्ट्यानं हवी होती. वडील गेल्यापासून सातबाऱ्यावर आई, भाऊ आणि मी अशी तिघांची नावं आहेत. मी पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करते, त्यामुळे सहीसाठी मला बोलावणं आलं. फोनवर नाना, म्हणजे माझे धाकटे चुलते, म्हणाले, "सही करून टाक माय. त्या माळावर हाय काय? पाली अन् सरडे."

नानांचं चुकलं असं मला म्हणायचं नाही. सोयाबीनचा भाव पडला की घरात काय होतं ते त्यांनी माझ्यापेक्षा जवळून पाहिलंय. पण त्या वाक्यात एक प्रश्न आहे. पाली आणि सरडे असणं म्हणजे काही नसणं का?

अंगठ्याएवढा रहिवासी

पाल म्हटलं की आपल्याला ट्यूबलाइटमागची आठवते. मनात चुकचुकते तीही हीच. पंचांगात पल्लीपतनाचा तक्ता असतो: पाल अंगावर कुठं पडली तर काय फळ मिळतं. म्हणजे पालीनंसुद्धा आपल्यासाठी काहीतरी निरोप आणलेला असावा, अशी आपली अपेक्षा.

ही घरातली पाल रात्रीची. तिच्या डोळ्यातली बाहुली उभ्या फटीसारखी असते, उजेडात ती अगदी बारीक होते. बोटांखाली रुंद गाद्या असतात, म्हणून ती गुळगुळीत भिंतीवर आणि छतावर चालते.

सह्याद्रीत मात्र पालींचं एक वेगळंच कुळ राहतं. त्याचं शास्त्रीय नाव निमॅस्पिस. या पाली दिवसा वावरतात. त्यांच्या डोळ्याची बाहुली गोल असते, आपल्यासारखी. बोटांखाली रुंद गाद्या नाहीत. बोटं बारीक, सांध्यात वाकलेली, टोकाला नख्या. शेपटी सोडली तर यातल्या कितीतरी जाती तुमच्या अंगठ्याहून लहान भरतील. रंग दगडासारखा तपकिरी, करडा, ठिपक्या-ठिपक्यांचा. काही जातींत नराचा गळा किंवा पोट पिवळं असतं. दिवसा वावरतात म्हणून त्या उन्हात पडून राहत नाहीत. खडकाच्या सावलीतल्या बाजूला, कपारीच्या तोंडाशी, कधी कपारीच्या छताला उलट्या चिकटून त्या किडा जवळ यायची वाट बघतात. चाहूल लागली की फटीत. मादी एका वेळी दोन अंडी घालते, पांढरी, कडक कवचाची, आणि ती दगडाला किंवा झाडाच्या ढोलीत चिकटवते. काही जातींत एकाच कपारीत अनेक माद्यांची अंडी शेजारी-शेजारी सापडतात.

मोबाइलवर दिवसा वावरणारी पाल शोधलीत तर मादागास्करच्या हिरव्यागार पाली समोर येतील, लाल ठिपके वगैरे. त्या फेल्सुमा कुळातल्या. त्यांची एक बहीण आपल्या अंदमानातही आहे. सह्याद्रीतली पाल तशी नाही. वॉलपेपरला ती चालणार नाही.

२००९ साली दाजीपूरच्या जंगलातून यातली एक जात नोंदवली गेली, निमॅस्पिस कोल्हापूरेन्सिस. २०१४ साली कास पठारावरची एक जात झीशान मिर्झा, सौनक पाल, हर्षल भोसले आणि राजेश सानप यांनी नोंदवली आणि सरीसृपांचे अभ्यासक वरद गिरी यांच्या नावावरून तिला निमॅस्पिस गिरी म्हटलं. २०१८ साली एकाच शोधनिबंधात उत्तर सह्याद्रीतल्या आणखी चार जाती आल्या. २०२१ साली दक्षिण भारतातल्या बारा जाती एकदम आल्या, त्यातल्या एकीला जॅकी चॅनचं नाव आहे. २०२४ साली तामिळनाडूतल्या एकीला व्हॅन गॉगचं. आज भारत आणि श्रीलंका मिळून यांच्या शंभराच्या आसपास जाती माहीत आहेत.

कास आठवून बघा. २०१२ पासून ते जागतिक वारसा यादीत आहे. दर पावसाळ्याच्या शेवटी तिथं फुलं बघायला गर्दी लोटते. त्या गर्दीच्या पायांशी, दगडाच्या सावलीत, एक प्राणी होता ज्याला २०१४ पर्यंत स्वतंत्र नाव नव्हतं.

एवढ्या जाती का, याचं उत्तर पालीच्या आकारात आहे. इतका लहान देह लवकर तापतो आणि लवकर सुकतो. गार, ओलसर दगड सोडून मधलं तापलेलं मैदान ओलांडणं तिला जमत नाही. मग एका डोंगरावरची पाल त्याच डोंगरावर राहते, तिची पिल्लंही, त्यांची पिल्लंही. लाखो वर्षं दोन डोंगरांची गाठ पडली नाही की दोन जाती होतात. ईशान अग्रवाल आणि सहकाऱ्यांनी २०२० साली म्हैसूर पठारावरच्या अशा पालींचा अभ्यास मांडला. तिथलं वातावरण कोरडं. पण ग्रॅनाइटच्या प्रचंड शिळांच्या फटींत गारवा आणि ओल टिकते. या पालींची शाखा मायोसीन कालखंडात, म्हणजे सुमारे २.३ कोटी ते ५३ लाख वर्षांपूर्वीच्या दरम्यान, इतरांपासून वेगळी झाली आणि भोवतालचा प्रदेश कोरडा होत गेला तरी या शिळांच्या आधारानं टिकून राहिली. ज्याला आपण नुसता धोंडा म्हणतो, तो कुणाचं तरी कोटी वर्षांचं घर असतो.

उपयोग काय?

इथं नाना विचारतील, "बरं, पण तिचा उपयोग काय?" या प्रश्नाला आपण शिकलेली माणसं पटकन तीन उत्तरं देतो. तिन्ही तपासून बघू.

पहिलं उत्तर, उद्या काहीतरी औषध निघेल. हे घडलेलं आहे. अमेरिकेतल्या गिला मॉन्स्टर या विषारी सरड्याच्या लाळेतल्या एका घटकाच्या अभ्यासातून मधुमेहावरचं एक्झेनाटाइड हे औषध आलं, २००५ साली त्याला तिथं मंजुरी मिळाली. पालींच्या पायाच्या पकडीवरूनही चिकटपट्ट्या बनवायचे प्रयत्न चालू आहेत. २००० साली शास्त्रज्ञांनी टोके पालीच्या तळव्यावरच्या एकेका सूक्ष्म केसाची पकड मोजून दाखवली होती. गंमत अशी की आपल्या निमॅस्पिसला तशा रुंद गाद्याच नाहीत. इथंही ती बिनकामाची.

पण औषध निघालं असतं तरी माझी अडचण संपत नाही. हे उत्तर म्हणजे लॉटरीचं तिकीट. तिकीट जपायचं ते सोडतीपर्यंत. उद्या कुणी प्रयोगशाळेत सिद्ध केलं की या पालीपासून काहीही मिळण्यासारखं नाही, तर काय? तिला मारायला हरकत नाही? तसं वाटत नसेल, तर आपलं खरं कारण औषध नव्हतंच.

दुसरं उत्तर, ती निसर्गाच्या साखळीतला दुवा आहे, दुवा तुटला की सगळं कोसळेल. पाल किडे खाते, पालीला साप आणि पक्षी खातात, हे खरं. पण एका टेकडीवरची एक लहान पाल गेली म्हणून कळंबचा पाऊस कमी होणार नाही. किडे कोळी खातील, दुसरे सरडे खातील. प्रत्येक जिवावर जगाचा डोलारा उभा आहे असं सांगणं म्हणजे घाबरवून चांगलं वागायला लावणं. भीती खोटी ठरली की चांगुलपणाही जातो.

तिसरं उत्तर, ती सुंदर आहे. कासच्या फुलांना याच उत्तरानं वाचवलं. पण दगडाच्या रंगाचा, दिसू नये म्हणूनच तसा झालेला प्राणी या परीक्षेत नापास होणार, आणि मग त्याच कारणानं तो जाणार.

तिन्ही उत्तरांत पाल आपल्या दारात नोकरी मागायला उभी आहे आणि आपण तिचा बायोडेटा बघतोय.

आता माझ्या धंद्यातलं एक उदाहरण. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीच न वापरलेला कोड साचतो. आम्ही शोधतो की याला कुठून हाक येते का. कुठूनच येत नसेल तर काढून टाकतो आणि ते योग्यच असतं. कोड कुणीतरी कशासाठी तरी लिहिलेला असतो. ते 'कशासाठी' संपलं की त्याच्या असण्याला आधार राहत नाही. माझ्या पिढीच्या पुष्कळ लोकांची नजर अशीच तयार झाली आहे. कुठून हाक येत नाही ते डिलीट.

पण पाल कुणी कशासाठी केलेली नाही. ती वस्तू नाही, की जिचा हेतू संपला. तिला स्वतःचं चांगलं-वाईट आहे. कपारीतली ओल तिच्यासाठी चांगली, सुरुंग वाईट, आणि हे आपण बघत असू वा नसू, तसंच राहतं. ज्याला स्वतःचं बरं-वाईट आहे त्याला "तू कशासाठी आहेस" असं विचारणं म्हणजे चुकीच्या माणसाला चुकीचा फॉर्म भरायला देणं.

१९७३ साली रिचर्ड राउटली या तत्त्वज्ञानं बल्गेरियातल्या वार्ना इथं एक कल्पना मांडली होती. समजा सगळी माणसं संपली, एकच उरला, आणि तोही मरणार आहे. मरता मरता तो शक्य तेवढी झाडं आणि प्राणी नष्ट करत जातो. आता कुणाचं नुकसान झालं? औषधाची गरज असलेलं कुणी नाही. फुलं बघणारं कुणी नाही. उपयोगाचा हिशेब धरला तर त्यानं काहीच वाईट केलं नाही. तरी त्यानं वाईट केलं, असं आपल्याला आतून वाटतं. ते वाटणं खरं असेल, तर जगात आपल्या उपयोगापलीकडे काहीतरी मोलाचं आहे. आपल्याकडे हे समजवायला वार्नापर्यंत जावं लागत नाही. पसायदानातलं मागणं फक्त माणसांपुरतं नाही, हे आमच्या गावातल्या भजनी मंडळाला माहीत आहे. फरक इतकाच की ते मागणं सप्ताहात म्हटलं जातं आणि सातबारा तलाठ्याकडे असतो.

जात कोणती?

कुणी म्हणेल, दुर्मिळ जात आहे म्हणून मोल आहे, एवढं म्हटलं की पुरे. अमेरिकेतली एक गोष्ट ऐका. टेनेसी राज्यात टेलिको नावाचं धरण बांधलं जात होतं. १९७३ साली तिथल्या नदीत बोटाएवढा एक मासा सापडला, स्नेल डार्टर. इतरत्र कुठंच नाही असं तेव्हा वाटलं. १९७८ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं या माशासाठी जवळजवळ पूर्ण झालेलं धरण थांबवलं. पुढच्याच वर्षी संसदेनं धरणाला कायद्यातून सूट दिली आणि ते झालं. मासे दुसऱ्या नद्यांत सोडले होते, तिथं ते वाढले. आणि २०२५ साली एका अभ्यासात निष्कर्ष निघाला की तो मासा वेगळी जात नव्हताच, आधीपासून माहीत असलेल्या एका माशाचाच तो एक समूह होता.

मग न्यायालयासमोरचा मासा फुकट होता? माशात तर काही बदललं नाही. बदललं ते आपलं लेबल. आपल्या पालींचंही तसंच आहे. दिसायला इतक्या सारख्या, की खवल्यांची मोजदाद आणि डीएनए बघून जाती ठरतात. उद्या दोनाची एक होईल, एकीच्या तीन होतील. कायद्याला यादी लागते, तिच्याशिवाय काम चालत नाही, हे मला मान्य आहे. पण मोल यादीमुळे येत असेल तर २०१४ च्या आधी कासच्या त्या पालीला मोल नव्हतं आणि शोधनिबंध छापून आला त्या दिवशी ते आलं, असं म्हणावं लागेल. हे काही पटत नाही.

मग पवनचक्की नको?

इथपर्यंत आल्यावर सगळ्यात अवघड आक्षेप येतो. प्रत्येक जिवाला स्वतःचं मोल आहे म्हटलं तर डासाचं काय? विंचवाचं? आणि ज्याच्या घरी कर्ज आहे त्यानं पालीसाठी उत्पन्न सोडायचं? पुण्यात पगार घेणाऱ्या पुतणीनं हे सांगणं सोपं आहे.

माझं म्हणणं असं आहे. मोल असणं म्हणजे नकाराधिकार असणं नव्हे. मोल आहे याचा अर्थ, ते मोडायचं तर कारण द्यावं लागेल. डास मारायला कारण आहे. कर्ज हे कारण आहे. दगडी कोळशाऐवजी वाऱ्यावर वीज करणं हे तर फारच चांगलं कारण आहे, कारण हवामान तापलं तर गारव्याच्या फटीत राहणारी पाल आपल्या आधी जाईल. ही कारणं तराजूत टाकता येतात. पण "तिथं काहीच नाही" हे कारण नाही. ते दुसरं पारडंच काढून टाकणं आहे.

आणि दुसऱ्या पारड्यात काय असतं याचं उत्तर आपल्याच राज्यात मिळतं. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. तिथं मारिया ठाकर, अमोद झांबरे आणि हर्षल भोसले यांनी केलेला अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. पवनचक्क्या असलेल्या भागात शिकारी पक्षी फार कमी झाले होते. त्यामुळे तिथं पंख्यासारखा गळा फुलवणारे सुपर्बा सरडे वाढले. ऐकायला बरं वाटतं. पण वाढलेल्या सरड्यांची तब्येत घसरली होती, रंग फिके झाले होते, आणि माणूस जवळ आला तरी ते आधीसारखे पळत नव्हते. वरचा पक्षी गेला आणि खाली सरड्याचा रंग आणि स्वभाव बदलला. ज्याला आपण रिकामं पठार म्हणतो तिथं इतकं सगळं चालू होतं, की एक बाजू हलवली तर दुसरी हलली.

या अभ्यासातून पवनचक्क्या वाईट ठरत नाहीत. त्या कुठं उभारायच्या हे आधी बघायला हवं, एवढं ठरतं. आणि बघायचं कुणी, तर २००६ च्या पर्यावरण प्रभाव मूल्यांकनाच्या अधिसूचनेनुसार पवनऊर्जा प्रकल्पाला पूर्वमंजुरी लागत नाही. म्हणजे पारडं काढून टाकण्याची सोय नियमातच आहे. उरतात जमिनीचे मालक, ज्यांना कागदानंच सांगितलंय की ही जागा पोटखराब आहे.

एक गोष्ट मात्र अन्यायाची होईल. माळ जपायचा सगळा खर्च माळाच्या मालकावर टाकणं. शहराला वीज हवी, जगाला थंडावा हवा, वाचकाला पाल वाचलेली हवी, आणि त्याग करायचा नानांनी. ज्यांना या मोलाची जाणीव आहे त्यांनी किमतीतला वाटा उचलला पाहिजे. भाडेपट्ट्याचा करार करताना वकील लावून अटी घालणं, टॉवरची आणि रस्त्याची जागा बदलून मागणं, त्यापायी दोन महिने उशीर झाला तर घरात तो पैसा आपण भरून काढणं, इतकं तर पगारदाराला जमतं.

आम्ही तेच केलं. माळाच्या उत्तर टोकाला दगडांची मोठी रास आहे, खाली सावली आणि ओल असते. आखणीत कंपनीचा रस्ता तिथून जात होता. तो सपाट बाजूनं घ्यावा, रासेतला दगड खडीसाठी फोडू नये, या दोन अटी आम्ही लिहून मागितल्या. कंपनीच्या माणसाला त्यात फारसं काही वाटलं नाही, कारण पूर्वी कुणी मागितलंच नव्हतं. भावाला वाटलं की मी व्यवहार मोडतेय, आई गप्प होती. नाना हसले. म्हणाले, "पालीची वकील झालीस का?" पण नकाशावर रास कुठं येते ते दाखवायला तेच पुढं झाले. त्यांना ती माझ्यापेक्षा चांगली माहीत होती. रासेत घोरपड असते, पावसाळ्यात कुठल्या फटीत बेडूक बसतात, लहानपणी त्यांना तिथं कुठला साप दिसला होता, हे सगळं त्यांनी बोटानं दाखवलं. "तिथं हाय काय" असं विचारणाऱ्या माणसाला तिथं काय काय आहे याची पूर्ण यादी पाठ होती.

मी सही केली. रासेच्या पलीकडे टॉवर येईल आणि त्याच्या पायात काहीतरी जाईलच. गवत, दोन बोरी, त्यांच्याखाली राहणारे कितीतरी. ते काही नव्हतं असं मी म्हणणार नाही. ते होतं, आणि कारण देऊन आम्ही ते घेतलं. सातबाऱ्यावर हे लिहायला रकाना नाही, म्हणून इथं लिहिलं.